हरिकेनवरचं राउंडेल १:७२ मध्ये अचूक कसं काढायचं?

कागदी_शेपूट
नमस्कार मंडळी. हॉकर हरिकेन मार्क २ सी या लढाऊ विमानाचं १:७२ मॉडेल (खऱ्याच्या ७२ व्या भागाएवढं) जोडून झालंय, रंगाला घ्यायचंय. विमान करायचंय ते आपल्या १ नंबर स्क्वाड्रनचं, १९४४ च्या इंफाळच्या लढाईतलं, अर्जन सिंग स्क्वाड्रन लीडर असतानाचं. डब्यातली डेकलं (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) युरोपातल्या विमानांची आहेत: लाल, पांढरा, निळा आणि बाहेरून पिवळं कडं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल रंग काढून टाकला होता, त्यामुळे ती वापरायची नाहीत एवढं नक्की. पण मग राउंडेलचं, म्हणजे विमानावरच्या गोल राष्ट्रीय चिन्हाचं, माप किती धरायचं? मधला गोल पांढरा की फिकट निळा? आणि घरी आखून डेकल छापावं की मास्क (रंग नको ती जागा झाकणारी चिकटपट्टी) कापून थेट रंगवावं? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी नेमकं सांगा.

आरे२४
लाल का काढला ते नव्या वाचकांसाठी: जपानी विमानांवर लाल गोळा. लढाईच्या धांदलीत दुरून नुसता लाल ठिपका दिसला की आपलेच लोक गोळ्या झाडायचे. अमेरिकनांनी त्यांच्या ताऱ्यातला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला तो याच कारणाने.

तिरकी_फ्रेम
मापाच्या आधी गुणोत्तर पक्कं करा. माप प्रत्येक विमानागणिक बदलतं, गुणोत्तर त्या त्या प्रकाराचं ठरलेलं असतं. आरएएफची (ब्रिटिश हवाई दलाची) व्यासांची गुणोत्तरं आतून बाहेर अशी:

ए प्रकार (लाल-पांढरा-निळा) १:३:५. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडला आपलं १ नंबर स्क्वाड्रन वापिती विमानांवर उभं राहिलं तेव्हा हाच होता. त्याला बाहेर पिवळं कडं लागलं की ए-१, १:३:५:७. पंखावरचा बी प्रकार नुसता लाल-निळा, २:५. १९४२ च्या मध्यापासून सी प्रकार ३:४:८ आणि पिवळ्या कड्यासह सी-१, म्हणजे ३:४:८:९. युद्धानंतर १९४७ चा डी प्रकार १:२:३.

सी आणि सी-१ मध्ये पांढरं कडं फार बारीक असतं आणि निळं जाड. इंटरनेटवरच्या निम्म्या फुकट चित्रांत तिन्ही पट्टे सारखे असतात. ते सी प्रकारचं राउंडेलच नव्हे.

तुमच्या विमानासाठी: गडद निळा बाहेर, फिकट आत, आणि २:५ धरून चला.

मिमी_आणि_मी
तिरकी_फ्रेम यांच्या यादीत मापं घालतो. सी-१ ची ठरलेली मापं १८, ३६ आणि ५४ इंच. लढाऊ विमानाच्या अंगावर ३६. भाग ९, म्हणून एक भाग ४ इंच: लाल १२, पांढरा १६, निळा ३२, पिवळा ३६. शेपटीवरची पट्टी २४ बाय २४ इंच, त्यात लाल ११, पांढरा २, निळा ११, लाल कायम पुढच्या बाजूला. पूर्वेकडे लाल गेला तसे दोनच पट्टे उरले, पुढे फिकट निळा आणि मागे गडद.

१:७२ वाल्यांसाठी सोन्यासारखी एक गोष्ट: छपाईतला एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. म्हणजे खऱ्या विमानावरचा १ इंच = तुमच्या चित्रातला बरोबर १ पॉइंट. इंकस्केपमध्ये (चित्र आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एकक पॉइंट ठेवा आणि इंच जसेच्या तसे टाका. ३६ इंची राउंडेल ३६ पॉइंटचं, छापून आलं की १२.७ मिमी. कॅल्क्युलेटर लागतच नाही. १:४८ ला दीडपट, १:३२ ला सव्वादोनपट.

पाऊणकमान
पॉइंटची युक्ती झकास! आजवर प्रत्येक कड्याला ०.३५२८ ने गुणत बसत होतो.

गोंदणकर
त्या युक्तीत एक खड्डा आहे, सांभाळा. सेरियल क्रमांकाची (विमानाच्या अंगावर लिहिलेल्या ओळख-क्रमांकाची) आरएएफची अक्षरं ८ इंच उंच, ५ इंच रुंद, रेघ १ इंच जाड. म्हणून लोक फॉन्ट ८ पॉइंट ठेवतात. पण फॉन्टचं माप म्हणजे मोठ्या अक्षराची उंची नव्हे. ८ पॉइंटच्या फॉन्टमध्ये मोठं अक्षर साधारण पावणेसहा पॉइंट भरतं. अक्षरांचं पाथमध्ये (आकृतीच्या रेषांमध्ये) रूपांतर करा आणि मग उंचीच्या चौकटीत ८ भरा.

तिरकी_फ्रेम
@गोंदणकर +१. त्याच्याच जोडीची चूक: राउंडेल स्ट्रोकने (बाह्यरेषा जाड करून) काढणं. स्ट्रोक पाथच्या दोन्ही अंगांना निम्मा निम्मा पसरतो. ३६ च्या वर्तुळाला २ चा पिवळा स्ट्रोक दिलात की बाहेरचा व्यास ३८ होतो आणि आतलं निळं २ ने आखडतं. गुणोत्तर गेलंच. स्ट्रोक बंद ठेवा. भरीव चकत्या एकावर एक रचा: तळाला ३६ पिवळी, तिच्यावर ३२ निळी, १६ पांढरी, १२ लाल. चारही निवडून मध्यबिंदू जुळवा. कधीही लहानमोठं केलं तरी बिघडत नाही.

कागदी_शेपूट
हे सगळं वहीत उतरवलं. पण पूर्वेकडच्या चिन्हाच्या मापावर अजून गाडी अडलेली आहे. फोटोत ते ३६ इंचांपेक्षा स्पष्ट लहान दिसतं.

भिंगवाली
मापाला पुस्तकापेक्षा फोटो चांगला, कारण जागेवर जे रंगवलं ते युनिटच्या रंगाऱ्याने रंगवलं. पद्धत सांगते.

फोटोत त्याच कुशीवर सेरियल क्रमांक शोधा. तो ८ इंची, ही तुमची फूटपट्टी. समजा अक्षराची उंची २४ पिक्सेल भरली आणि राउंडेलची उंची ४८, तर राउंडेल १६ इंची. उंचीची उंचीशीच तुलना करायची. विमान तिरकं उभं असेल तर आडवं माप आखडतं, उभं बरंचसं टिकतं. वर्तुळ लंबगोल दिसत असेल तर त्याचा लांब व्यास खरा धरा. विमान फार तिरकं असेल तर नाकाकडची वस्तू मोठी आणि शेपटीकडची लहान दिसते, तसा फोटो मापाला घेऊ नका.

आतल्या-बाहेरच्या गोलाचं गुणोत्तर मात्र तिरक्या फोटोतूनही मिळतं. मध्यातून जाणारी कुठलीही एक रेघ घ्या, त्याच रेघेवर आतला आणि बाहेरचा व्यास मोजा. दोन्ही सारखेच आखडलेले असतात, भागाकार बदलत नाही.

मिमी_आणि_मी
@भिंगवाली, हरिकेनची कूस गोलसर आहे. राउंडेलची वरची आणि खालची कड आत वळते, म्हणून उभी उंचीसुद्धा थोडी कमी भरते. मोठ्या राउंडेलला हा फरक जाणवतो.

भिंगवाली
बरोबर, म्हणूनच १६ इंचीला ही पद्धत बिनघोर, ३६ इंचीला नाही. मोठं असेल तर आणखी एक ताळा घ्या: किटच्या पॅनेलरेषा. राउंडेलची कड कुठल्या रेषेला टेकते, कुठली ओलांडते ते फोटोत बघून मॉडेलवर पेन्सिलीने खुणा करा. जागाही त्यातच पक्की होते.

आरे२४
आता रंगाचं. मधला गोल पांढराच. कितीतरी फोटोंत पांढराशुभ्र दिसतो.

भिंगवाली
@आरे२४, इथे मी ठाम असहमत. त्या काळच्या काळ्यापांढऱ्या फिल्म निळ्या रंगाला जास्त संवेदनशील असत. ऑर्थोक्रोमॅटिक (लाल रंग न पकडणारी) असेल तर लाल जवळपास काळा येतो, पिवळं कडं गडद होऊन निळ्यात बुडतं आणि फिकट निळा थेट पांढरा दिसतो. नुसत्या गोलाकडे बघून निवाडा करता येत नाही. त्याच फोटोत नक्की पांढरी असलेली वस्तू शोधा, एखाद्याचा बनियन, ओळखीचा पांढरा पट्टा, काहीही, आणि गोल त्याच्याशी ताडा. गोल एक छटा गडद असेल तर तो फिकट निळा.

आरे२४
हा मुद्दा पटला. तरी सुरुवातीला नुसत्या लालावर पांढरा फासलेली विमानं होतीच ना?

भिंगवाली
होती. फिकट निळा नंतर रुळला. पांढरा ठिपका जंगलावरून उडताना लांबून चमकतो, म्हणून त्यात निळा मिसळला. १९४४ च्या इंफाळला फिकट निळा धरणं योग्य. रंग वेगळा आणू नका, बाहेरच्याच निळ्यात पांढरा मिसळा. १ भाग निळ्याला ४ भाग पांढरा इथून सुरुवात करा आणि वाळल्यावर बघा, ओला असताना फिकट वाटतो. बाहेरचा निळाही युद्धकाळातला मळकट, करडा मारलेला. झळझळीत निळा लावला की सगळं विमान खेळणं दिसतं.

पाऊणकमान
आणखी एक, फोटो नीट बघितलेत तर दिसेल: लहान राउंडेलभोवती कॅमोफ्लाजचा ताजा, गडद गोल ठसा. जुनं ३६ इंची चिन्ह झाकायला मारलेला नवा हिरवा आणि मातकट रंग उन्हात विटलेल्या रंगाशी जुळत नसे. मॉडेलवर हा ठसा एअरब्रशने अगदी पातळ द्या. या काळातल्या पूर्वेकडच्या विमानाचं सगळं खरेपण तिथे आहे.

कागदी_शेपूट
@पाऊणकमान हा ठसा मी फोटोतला डाग समजत होतो! नक्की करणार. मग आता छापू की रंगवू?

गोंदणकर
दोन्हीतलं काय कुठे बिघडतं ते लिहितो, निवड तुमची.

छपाई: घरचा इंकजेट पांढरा छापत नाही आणि त्याची शाई पारदर्शक असते. पारदर्शक डेकल-कागदावर फिकट निळा छापून हिरव्या-मातकट रंगावर लावलात तर तो दिसणारच नाही. लेझरचा टोनरही पूर्ण झाकत नाही. म्हणून एक तर पांढरा डेकल-कागद घ्या आणि कडेलगत कापा, किंवा मॉडेलवर आधी पांढरी चकती रंगवून तिच्यावर पारदर्शक डेकल बसवा. चकती डेकलपेक्षा त्रिज्येत ०.२ मिमी लहान ठेवा, नाहीतर एका बाजूने पांढरी कोर डोकावते. पांढऱ्या कागदावरून कापलं तर कागदाची कड पांढरी दिसते, तिला बाहेरच्याच निळ्याचा बारीक हात फिरवा.

इंकजेटची शाई पाण्यात उतरते. छापून झालं की पूर्ण वाळू द्या आणि ग्लॉस क्लिअरचे (चमकदार पारदर्शक थराचे) २-३ हलके फवारे मारा, शेवटच्या फवाऱ्यानंतर २४ तास थांबा. पहिलाच हात जाड पडला तर शाई क्लिअरमध्ये विरघळून कडा फुगतात. आणि इंकजेटचा डेकल-कागद लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नका, आतल्या उष्णतेने थर वितळून रोलरला चिकटतो.

छापताना 'पानात बसवा' ही खूण काढा. ती राहिली की छपाई थोडी आखडते. ९७ टक्क्यांना १२.७ चं १२.३ होतं. पानाच्या कडेला १०० मिमीची रेघ काढून ठेवा, साध्या कागदावर छापून स्टीलच्या पट्टीने मोजा, मगच डेकल-कागद घाला.

रेडियम_रावसाहेब
मुंबई-कोकणातल्या लोकांनी पावसाळ्यात लॅकर क्लिअर मारूच नये. हवेतली ओल बसून तो दुधाळ होतो. मारायचाच असेल तर पाऊस उघडल्यावर दुपारी, किंवा पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक वापरा. डेकल भिजवायला बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग उरतात. फिल्टरचं चालतं.

आणि मास्कची गोष्ट निघालीच आहे तर: गाड्यांच्या नंबरप्लेटी कापणाऱ्या रेडियमवाल्याकडे कटिंग प्लॉटर असतो, तो मास्क कापून देतो. फाइल कोरलमध्ये उघडेल अशी द्या, अक्षरं कर्व्ह करून. पण त्याच्याकडचा नेहमीचा विनाइल नको. जाड असतो, गोंद कडक असतो, उचलताना खालचा रंग घेऊन येतो. पातळ मास्किंग फिल्म किंवा रुंद जपानी मास्किंग टेप तुम्हीच न्या. लावण्याआधी एकदा सुती कपड्यावर दाबून चिकटपणा कमी करा.

तिरकी_फ्रेम
१० मिमीच्या खालचं वर्तुळ त्या मोठ्या प्लॉटरवर बहुकोनी येतं, सुरी वळताना मागे ओढली जाते. वेग अगदी कमी करायला सांगा. कंपास-कटरसुद्धा साधारण १० मिमी व्यासाच्या खाली जात नाही. १६ इंची राउंडेल १:७२ ला ५.६४ मिमी आणि आतला गोल २.२६ मिमी. इतक्या लहान आकाराला चामड्याला भोकं पाडायचे पोकळ पंच उत्तम. टेप काचेवर नको, कटिंग मॅटवर लावून सरळ ठोका द्या. पंच ०.५ मिमीच्या टप्प्याने मिळतात, ५.५ आणि २.५ घेतलेत तर डोळ्याला चूक कळत नाही.

मिमी_आणि_मी
५.५ आणि २.५ म्हणजे २:४.४. मधला गोल मोठा दिसेल. ५.५ ला २ घ्या, २:५.५. जवळचं तेच आहे आणि गडद कडं जाड दिसणं या चिन्हाला शोभतं.

तिरकी_फ्रेम
मान्य, २ घ्या.

रेडियम_रावसाहेब
रंगाचा क्रम: आधी चौकटीचा मास्क (५.५ चं भोक). त्याच्या कडेवर खालच्या कॅमोफ्लाजच्याच रंगाचा किंवा क्लिअरचा एक पातळ फवारा, म्हणजे जो काही रंग झिरपायचा तो हाच झिरपतो आणि फट बंद होते. मग सगळा गोल फिकट निळा. वाळल्यावर मधोमध २ मिमीची टिकली चिकटवा आणि गडद निळा मारा. फवारा कायम सरळ वरून, तिरका मारला की मास्कच्या कडेला रंगाची भिंत उभी राहते. रंग हाताला लागेनासा झाला की लगेच टेप काढा, स्वतःवरच मागे दुमडत, सपाट कोनात. रात्रभर ठेवलात तर कड तुटून फाटते.

चक्रधर_नाही
थोडं विषयांतर. काश्मीर १९४७-४८ च्या टेंपेस्टच्या बाबतीत विचारायचं होतं. स्वातंत्र्यानंतर काही काळ पांढऱ्या गोलात निळं अशोकचक्र होतं ना? ते कसं काढावं?

आरे२४
माझा आवडता विषय! होय, १९५० ला आजचं तिरंगी राउंडेल (हिरवा आत, पांढरा, बाहेर केशरी) येण्याआधी चक्र होतं. आरे २४, म्हणून एक आरा काढून १५ अंशांनी २३ वेळा फिरवा. फिरवण्याचा केंद्रबिंदू आधी चक्राच्या मध्याला ओढून ठेवा, तो आऱ्याच्या स्वतःच्या मध्यावर असतो आणि तिथेच सगळे फसतात. एक आरा बरोबर १२ वाजता आला पाहिजे, मग ३, ६ आणि ९ ला आपोआप येतात.

ध्वजावरच्या चक्राचं चित्र उचलून लहान करू नका. त्यात आऱ्यांच्या मधल्या धावेवर अर्धगोल ठिपके असतात, १:७२ ला त्यांचा चिखल होतो. हिशेब बघा: चक्र १० मिमीचं, तुंबा २ मिमीचा धरला, तर तुंब्यापाशी दोन आऱ्यांत मध्यापासून मध्यापर्यंत ०.२६ मिमी जागा. आरा ०.१ मिमीपेक्षा जाड झाला की मधे पांढरं उरत नाही. म्हणून आरे तुंब्याकडे निमुळते करा. इथे मास्कचं काम नाही, पांढऱ्या कागदावर छापायचंच. निळा रंग एकाच शाईचा येईल असा निवडा, दोन शाया मिसळल्या की ठिपक्यांची जाळी पडून आरा तुटक दिसतो.

चक्रधर_नाही
आभारी आहे. तुंब्यापाशी जाड होत होतं ते आत्ता कळलं.

पाऊणकमान
विषयांतर चाललंच आहे तर अमेरिकन ताऱ्यातली एक चूक सांगून टाकतो, कारण आसाममधून उडालेली कितीतरी विमानं लोक करतात. १९४३ नंतरच्या चिन्हात बाजूचे पांढरे पट्टे वर्तुळाच्या मध्यावर नसतात! पट्ट्याची वरची कड ताऱ्याच्या आडव्या हातांच्या वरच्या कडेला लागते. त्रिज्या १ धरली तर वरची कड मध्यापासून ०.३०९ वर, पट्टा ०.५ उंच, म्हणून खालची कड ०.१९१ खाली. पट्टा वर्तुळाबाहेर एक त्रिज्या लांब, सगळ्याभोवती निळी कड त्रिज्येच्या एक अष्टमांश. इंकस्केपच्या ताऱ्याचं आतलं गुणोत्तर ०.३८२ करा, नाहीतर तारा गुबगुबीत येतो.

कागदी_शेपूट
मंडळी, तुमच्या जिवावर आखून झालं. माझ्या विमानाच्या फोटोत सेरियल २१ पिक्सेल, राउंडेल ४२, म्हणजे १६ इंची. चित्रात १६ पॉइंटची गडद चकती, तिच्यावर ६.४ ची फिकट. रंग पंचने, सेरियल छापून. पंखावरचं वेगळं मोजेन, त्याचा वरून घेतलेला फोटो आहे. शेपटीची पट्टी मात्र २४ बाय २४ मध्ये १२-१२ केली, ती फोटोशी जुळत नाही.

भिंगवाली
शेपटीवर फोटोच प्रमाण. सुकाणूचं बिजागर पट्टीच्या कुठल्या बाजूला पडतं ते बघा आणि तिथून रुंदी धरा. पट्टीच्या उंचीला सेरियलचीच फूटपट्टी लावा, दोन्ही जवळपास एकाच प्रतलात आहेत. आणि पट्टीभोवतीही पाऊणकमान म्हणतात तसा ताज्या रंगाचा चौकोनी ठसा आहे का तेही तपासा. असेल तर जुनी २४ इंची पट्टी तेवढ्या जागेत होती आणि नवी तिच्याहून लहान.

कागदी_शेपूट
आहे. चौकोनी ठसा २४ चा भरतोय, आतली पट्टी १६ उंच. बदलून पुन्हा टाकतो.